सुवर्णपदकांची फेरवाटणी

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले की सोलापुरातील चित्रपटप्रेमींमध्ये एक जुना वाद नव्याने पेटतो. यंदा कोणाला मिळाले यापेक्षा पूर्वी कोणाला मिळावयास नको होते, याचीच चर्चा चहाच्या टपरीवर आणि वाचनालयाच्या ओट्यावर अधिक रंगते. कोणी १९५४ चे पदक परत मागतो, कोणी २०१४ चे दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, तर कोणी २०१६ चा निकाल सरळ रद्दच करून टाकतो. ज्या देशात जमिनीची फेरवाटणी बव्हंशी कागदावरच राहिली, तेथे निदान सुवर्णपदकांची फेरवाटणी तरी रोज संध्याकाळी पार पडते, असे कोणी थट्टेने म्हणेल. परंतु थट्टा बाजूला ठेवून या वादाकडे पाहावयास हवे. कारण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. राज्यसंस्थेने जनतेच्या पैशातून आणि प्रजासत्ताकाच्या नावाने दिलेल्या निवाड्याचा जाब सामान्य प्रेक्षकाने विचारावा की नाही, हा तो प्रश्न आहे.

जाब विचारलाच पाहिजे, याविषयी शंका असण्याचे कारण नाही. खाजगी मासिकाने वा उद्योगसमूहाने दिलेले पारितोषिक ही त्यांची घरची बाब म्हणता येईल. राष्ट्रीय पुरस्कारांचे तसे नाही. स्वातंत्र्यानंतर स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१ मध्ये आपला अहवाल दिला. चित्रपट ही केवळ बाजारातील वस्तू नसून तिच्या गुणवत्तेची जबाबदारी काही अंशी शासनावरही आहे, ही भूमिका त्या काळात रुजली. १९५४ मध्ये राज्य पुरस्कार सुरू झाले, १९६० मध्ये चित्रपट वित्त महामंडळ आले, १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. म्हणजे पुरस्कार हा एका धोरणाचा भाग होता. जे चित्रपट बाजार तारणार नाही पण समाजाला ज्यांची गरज आहे, अशांच्या पाठीशी उभे राहणे हे ते धोरण. त्या धोरणाच्या कसोटीवर जुने निकाल पुन्हा तपासून पाहणे हा नागरिकाचा हक्कच आहे. प्रश्न एवढाच, की तपासून झाल्यावर मागणी कशाची करावयाची.

पहिलाच निकाल घ्यावा. १९५३ सालच्या चित्रपटांमधून राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळाले. त्याच वर्षी बिमल रॉय यांच्या 'दो बीघा जमीन'ला केवळ गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र मिळाले. कर्जापायी जमीन गमावण्याची पाळी आलेला एक शेतकरी ती सोडवण्यासाठी कलकत्त्यात जाऊन माणसांनी ओढावयाची रिक्षा ओढतो, आणि परत येतो तेव्हा त्याच्या शेतावर गिरणी उभी राहत असते. ही कथा सोलापूरकराला परकी वाटण्याचे कारण नाही. दुष्काळी तालुक्यांतून पोटासाठी शहरात आलेल्या आणि पुढे गिरण्याही बंद पडल्यामुळे दुसऱ्यांदा उघड्यावर पडलेल्या माणसांचे हे शहर आहे. शेतकरी आणि कामगार यांच्या बाजूने विचार करणारा मनुष्य म्हणतो की ते पदक 'दो बीघा जमीन'चे होते. हे म्हणणे मराठी माणसाला जड जाते, कारण समोर 'श्यामची आई' आहे आणि तिच्यामागे साने गुरुजी उभे आहेत. याच सोलापूर जिल्ह्यात, पंढरपुरात, विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये ज्यांनी प्राण पणाला लावले, त्यांच्या पुस्तकावरील हा चित्रपट. त्याला उणे म्हणावयाचे तर जीभ अडखळते.

परंतु जीभ अडखळते म्हणून प्रश्न टाळणे गुरुजींनाही रुचले नसते. प्रामाणिक उत्तर असे, की चित्रपटकलेच्या दृष्टीने 'दो बीघा जमीन' अधिक धाडसी होता. खऱ्याखुऱ्या रस्त्यावर, खऱ्या गर्दीत कॅमेरा नेण्याचे धैर्य त्यात होते. १९५४ मध्ये कान महोत्सवानेही त्याची दखल घेतली. उलट 'श्यामची आई'चे मोल वेगळ्या ठिकाणी आहे. कोकणातील एका खालावत चाललेल्या घराचे दारिद्र्य तिने भावविवश होऊनही खोटे होऊ दिले नाही. सावकाराचा माणूस दारात बसतो तेव्हा त्या घराचा होणारा अपमान, हाही कर्जाचाच इतिहास आहे. दोन्ही चित्रपटांत जमीन जाते आणि दोन्हींत माणूस वाकत नाही. ज्यांना एकाचे पदक काढून दुसऱ्याला द्यावयाचे आहे, त्यांनी दोन्ही पुन्हा एकदा पाहिले आहेत काय, हे आधी विचारावे. बहुधा एक पाहिलेला असतो आणि दुसऱ्याची आठवण तेवढी असते.

हा दोष केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९४१ सालच्या चित्रपटांचे ऑस्कर पारितोषिक 'सिटिझन केन'ला न मिळता 'हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली'ला मिळाले. हा निकाल चुकला, असे गेली कित्येक दशके जगभरचे रसिक म्हणत आले आहेत. म्हणोत बापडे. पण त्यामुळे झाले असे, की वेल्समधील कोळसा खाणकामगारांच्या संपाची, खाणीत होणाऱ्या मृत्यूंची आणि विस्कटत जाणाऱ्या कुटुंबाची गोष्ट सांगणारा एक चांगला चित्रपट केवळ 'दुसऱ्याचे बक्षीस पळवणारा' म्हणून ओळखला जाऊ लागला. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला न्याय मिळवून देण्याच्या भरात ज्याने कोणावरही अन्याय केला नाही, त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले. चूक असेल तर ती परीक्षकांची. विजेत्याने ती केलेली नाही.

आता घराजवळचे उदाहरण पाहावे. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१३ सालच्या चित्रपटांमध्ये होता. २०१४ च्या एप्रिलमध्ये निकाल लागले तेव्हा सुवर्णकमळ आनंद गांधी यांच्या 'शिप ऑफ थिसिअस'ला मिळाले. मराठीतील उत्कृष्ट चित्रपटाचे रजतकमळ 'आजचा दिवस माझा'कडे गेले. 'फँड्री'च्या वाट्याला पदार्पणातील दिग्दर्शनाचा इंदिरा गांधी पुरस्कार आला आणि जब्याचे काम करणाऱ्या सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा. सोलापूर जिल्ह्यात आजही या निकालाची खंत बोलून दाखवली जाते, आणि ती अस्थानी नाही. गावकुसाबाहेरच्या मुलाने अखेरीस भिरकावलेला तो दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. भारतीय चित्रपटात जातीचा प्रश्न इतक्या निःसंकोचपणे क्वचितच मांडला गेला होता. 'शिप ऑफ थिसिअस'ही सामान्य कृती नव्हे. जहाजाची एकेक फळी बदलत गेली तर शेवटी ते तेच जहाज राहते काय, या प्राचीन कूटप्रश्नावर तो उभा आहे. पुरस्कारांच्या यादीतील एकेक नाव बदलू पाहणाऱ्यांनी हा कूटप्रश्न स्वतःलाही विचारून पाहण्यासारखा आहे.

याहून बोलके उदाहरण २०१६ चे. त्या वर्षी मार्चमध्ये जाहीर झालेल्या निकालांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ राजमौळी यांच्या तेलुगू 'बाहुबली'च्या पहिल्या भागाला देण्यात आले. मराठीतील उत्कृष्ट चित्रपट ठरला मकरंद माने यांचा 'रिंगण'. कर्जबाजारी शेतकरी बाप आणि आई देवाघरी गेली असे ऐकून देवाच्या गावी तिला शोधू पाहणारा त्याचा लहानगा मुलगा, असे दोघे जण पंढरपुरात येतात, अशी त्याची कथा. एका बाजूला अवाढव्य भांडवल, राजवाडे, सैन्ये आणि धबधबे. दुसऱ्या बाजूला चंद्रभागेचे वाळवंट आणि रिकामा खिसा. सोलापुरातील वाद येथे हमखास भाषेवर घसरतो, आणि तो तसा घसरू देणे चुकीचे आहे. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागावर चादर व टॉवेल विणणारा तेलुगूभाषक कामगार 'बाहुबली' पाहून हरखून गेला असेल, तर तो आनंदही त्याच्या हक्काचाच आहे. दिवसभर मागाच्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसाला भव्यतेची भूक असते. वाद तेलुगू आणि मराठी यांच्यातील नाही. ज्याला बाजाराने आधीच भरभरून दिले आहे, त्यालाच शासनाने पुन्हा द्यावे काय, असा तो वाद आहे.

अर्थशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही जाणतो, की पैशाची सीमांत उपयोगिता सर्वांना सारखी नसते. भरल्या ताटात आणखी एक पोळी वाढण्याला आणि उपाशी माणसापुढे ती ठेवण्याला एकच अर्थ नसतो. त्या वर्षी सुवर्णकमळाची रक्कम निर्माता व दिग्दर्शक यांना प्रत्येकी अडीच लाख रुपये होती आणि प्रादेशिक भाषेतील उत्कृष्ट चित्रपटाची प्रत्येकी एक लाख. शेकडो कोटींचा व्यवसाय केलेल्या चित्रपटाला अडीच लाखांनी काय फरक पडणार होता? पैशापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे नाव. ज्याचे नाव आधीच चौकाचौकांतील फलकांवर होते, त्याला सुवर्णकमळाने एकही नवा प्रेक्षक दिला नसेल. 'रिंगण'सारख्या चित्रपटाला मात्र त्या एका बातमीने शंभर दारे उघडली असती. 'बाहुबली'च्या तंत्रज्ञांचे कौशल्य थोर होते हे मान्यच आहे. त्यातील दृश्यपरिणामांसाठी त्याच वर्षी स्वतंत्र पारितोषिक देण्यात आले होते, आणि ते योग्यच होते. पण सर्वोच्च मान देताना १९५४ च्या धोरणाचा विसर पडला, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

तरीही त्या वर्षीचे सुवर्णकमळ 'बाहुबली'कडून काढून 'रिंगण'ला द्यावे, असे म्हणणे हिताचे नाही. त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे, की झालेला पुरस्कार मागे घेतल्याने काहीच दुरुस्त होत नाही. १९७२ सालच्या चित्रपटांसाठी फिल्मफेअरचे संगीताचे पारितोषिक 'बेईमान'ला देण्यात आले आणि 'पाकीझा'चे दिवंगत संगीतकार गुलाम मोहम्मद यांना डावलण्यात आले. तेव्हा 'बेईमान'मधील भूमिकेसाठी स्वतःला मिळालेले पारितोषिक प्राण यांनी निषेध म्हणून नाकारले. ती कृती उमदी होती आणि म्हणूनच अजून स्मरणात आहे. पण त्यामुळे ते पारितोषिक गुलाम मोहम्मद यांच्याकडे गेले नाही. २०१५ मध्ये पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांचे आंदोलन आणि देशातील वाढती असहिष्णुता यांच्या पार्श्वभूमीवर आनंद पटवर्धन, दिबाकर बॅनर्जी आदी चित्रपटकारांनी आपले राष्ट्रीय पुरस्कार परत केले. त्यांची नावे यादीतून गेली नाहीत, जाऊही नयेत. निषेधाचा अर्थ त्या यादीच्या शेजारी नोंदवला गेला, आणि त्याची खरी जागा तीच आहे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. यादीत फेरफार करण्याचा अधिकार एकदा मान्य केला, की तो वापरणार कोण? टपरीवरचा चित्रपटप्रेमी तो वापरणार नाही. लेखणी सत्तेच्या हातात असेल, आणि सत्ता ती 'फँड्री'च्या बाजूने चालवील असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. याची चुणूक दिसूनही गेली आहे. २०२४ मध्ये पुरस्कारांच्या नियमावलीत बदल झाले, तेव्हा पदार्पणाच्या पुरस्कारातून इंदिरा गांधींचे आणि राष्ट्रीय एकात्मतेच्या पुरस्कारातून नर्गिस दत्त यांचे नाव काढून टाकण्यात आले. इंदिराजींच्या आणीबाणीत ज्यांनी तुरुंगवास भोगला त्यांनाही हे खटकावयास हवे. नावाविषयी ममत्व नसेल, तरी भूतकाळ सोयीप्रमाणे खरवडण्याची ही सवय राज्यकर्त्यांना लागू देणे कोणाच्याच हिताचे नाही. चुकीचा निकाल हाही इतिहास असतो. त्या वेळच्या परीक्षकांना काय दिसले आणि काय दिसले नाही, याचा तो पुरावा असतो. पुरावा नष्ट करून न्याय होत नाही.

मग मागणी कशाची करावी? पहिली मागणी कारणांची. आज प्रादेशिक परीक्षक मंडळे चित्रपट निवडतात, त्यांतून मध्यवर्ती मंडळ अंतिम निर्णय घेते, मंडळांवरील माणसे शासन नेमते आणि बंद दाराआडची चर्चा गोपनीय राहते. बाहेर येते ते एकदोन ओळींचे गौरवपत्र. ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निकालांत दिग्दर्शनाचा पुरस्कार 'द केरला स्टोरी'ला दिला गेला, तेव्हा केरळच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर आक्षेप घेतला. त्याच यादीत मराठीतील उत्कृष्ट चित्रपट म्हणून सुजय डहाके यांच्या नव्या 'श्यामची आई'चे नाव होते. एका यादीत सद्भावाची शिकवण आणि एका अवघ्या राज्याला दुखावणारी कृती शेजारी शेजारी कशा बसल्या, याचे उत्तर देण्यास कोणी बांधील नव्हते. कारणे झाकली की संशय वाढतो, आणि संशय वाढला की चांगल्या निकालाचीही किंमत उतरते. सर्वोच्च न्यायालयात बहुमताच्या निकालासोबत भिन्नमत दर्शवणाऱ्या न्यायमूर्तींचे मतही छापले जाते. पुष्कळदा पुढच्या पिढ्या त्या भिन्नमताकडेच वळतात. चित्रपट परीक्षकांनी सविस्तर कारणे आणि भिन्नमत प्रसिद्ध करावे, यात अवघड काय आहे? तसे झाले असते तर १९५४ मध्ये 'दो बीघा जमीन'साठी कोणी शब्द टाकला, २०१४ मध्ये 'फँड्री'साठी कोण भांडले, हे आज वाचता आले असते. उपेक्षितांना तेवढा न्याय त्याच वेळी मिळाला असता.

दुसरी मागणी प्रदर्शनाची, आणि ती अधिक महत्त्वाची. राष्ट्रीय पुरस्कारासाठी चित्रपट प्रदर्शित झालेला असावा लागत नाही, त्या वर्षी प्रमाणपत्र मिळाले की तो पात्र ठरतो. नव्या व निर्धन निर्मात्याला यामुळे संधी मिळते, म्हणून हा नियम चांगला आहे. परंतु त्याचा उत्तरार्ध कोणी लिहिलाच नाही. मार्च २०१६ मध्ये गौरवलेला 'रिंगण' चित्रपटगृहांत यावयास २०१७ साल उजाडावे लागले. पंढरपुरात घडणारी कथा पंढरपूरच्या प्रेक्षकाला पाहता येण्याआधी दिल्लीत तिचा सत्कार होऊन गेला होता. शासन एखाद्या कृतीला देशातील उत्तम कृती म्हणते आणि ती देशाला दाखवण्याची जबाबदारी मात्र घेत नाही, हा विसंवाद आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी दुपारी निरनिराळ्या भाषांतील पुरस्कारप्राप्त चित्रपट दाखवले जात. कन्नड, मल्याळी, बंगाली, असमिया चित्रपट त्यायोगे लहान गावांतील घरांपर्यंत पोचले. ती व्यवस्था सदोष होती, पण तिच्यामागील तत्त्व बरोबर होते. आज पडदे वाढले आहेत, पण तिकिटाचा दर आणि पडद्यांचा ताबा दोन्ही मूठभरांच्या हाती गेले आहेत. प्रत्येक पुरस्कारप्राप्त चित्रपट वर्षाच्या आत प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी अल्प दरात दाखवला जावा, एवढी तरतूद पुरस्कारांच्या नियमांत करणे अशक्य नाही. तिला लागणारा पैसा सोहळ्याच्या थाटमाटातून वाचवता येईल.

आणि पुरस्काराविना काय होते, याची साक्ष सोलापुरातच आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच शहरात जन्मले आणि युद्धग्रस्त चीनमध्ये जखमींची शुश्रूषा करता करता १९४२ मध्ये तेथेच गेले. त्यांच्यावरचा व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' १९४६ चा, म्हणजे राष्ट्रीय पुरस्कार सुरू होण्याच्या आठ वर्षे आधीचा. त्याला सुवर्णपदक मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही तो टिकला, कारण तो लोकांनी पाहिला आणि पुढच्या पिढीला सांगितला. सोलापूरच्या चित्रपटप्रेमींनी आपला संध्याकाळचा वाद जरूर चालू ठेवावा. पण दर वादाच्या शेवटी एक प्रश्न अवश्य विचारावा: ज्याच्यासाठी आपण भांडलो, तो चित्रपट या शहरातील यंत्रमाग कामगाराला आणि विडी वळणाऱ्या बाईला कोठे, कधी आणि किती पैशांत पाहता येईल? या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी अर्ज, निवेदने आणि गरज पडल्यास मोर्चा काढावा लागला, तरी तो पदकाच्या वादापेक्षा अधिक फलदायी ठरेल.